शब्दचर्चा : कन्नडातलं 'राष्ट्र लांछन' आणि आपलं लांछन

अनगोळवाला :
आधी परवा घरात काय झालं ते सांगतो, मग प्रश्न. मुलगी इथं बेळगावात सहावीत, मराठी माध्यमात. दुसऱ्या दिवशी कन्नडचा पेपर होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ती मोठ्यानं घोकत होती, "नम्म राष्ट्र लांछन यावुदु? नम्म राष्ट्र लांछन यावुदु?" आई आत शेंगा फोडत होती. तिचं कन्नड बाजारापुरतं. तिसऱ्यांदा कानावर पडलं तशी सूप बाजूला ठेवून बाहेर आली आणि माझ्यावरच उखडली. "राष्ट्राला लांछन? काय शिकवायलेत रे पोरीला? आणि तू ऐकून घेतोस?"

'यावुदु' म्हणजे कोणतं. पुस्तक बघितलं तर सारनाथच्या सिंहांचं चित्र. म्हणजे आपली राजमुद्रा. कन्नडात तिला राष्ट्र लांछन म्हणतात, आणि कर्नाटक सरकारचा जो गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, त्याला राज्य लांछन. आईला समजावलं, पटलं नाही. तर प्रश्न असा : शब्द एकच, संस्कृतातला. मग तो कन्नडात मानाचा आणि मराठीत डागाचा कसा झाला?

शेडबाळची लेक :
दादा, मराठीतही तो डागाचाच आहे असं कुणी सांगितलं? जैनांच्या घरी या एकदा. आमच्याकडं लांछन हा देवळातला साधा शब्द, आणि आम्ही घरी मराठीच बोलतो. तीर्थंकरांच्या मूर्ती दिसायला बऱ्याचशा सारख्या. ओळखायच्या त्या खाली पीठावर कोरलेल्या खुणेवरून. ऋषभनाथांचं लांछन बैल, नेमिनाथांचं शंख, महावीरांचं सिंह. लहानपणी आजी बसदीत, म्हणजे जैन देवळात, न्यायची आणि विचारायची, "लांछन बघून सांग, कोण देव?" तेलानं तो दगड इतका काळा झालेला असायचा की बैल आहे की हत्ती, बोटानं चाचपून सांगावं लागायचं. माझं बऱ्याचदा चुकायचं.

आणि एक गंमत. सारनाथच्या सिंहांच्या पायाखाली जी पट्टी आहे तिच्यावर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह आहेत. अजितनाथ, संभवनाथ, ऋषभनाथ, महावीर, चौघांची लांछनं! तो स्तंभ अशोकाचा, बौद्धांच्या क्षेत्रातला, त्यामुळे हा योगायोगच म्हणायचा. पण आजीला नोटेवरचे सिंह दाखवून हे सांगितलं होतं तेव्हा ती दिवसभर खूश होती.

हलशी फाटा :
ताईंनी निम्मं काम केलं. मूळ संस्कृतात लांछन म्हणजे खूण, बस्स. चांगली नाही, वाईट नाही. विष्णूच्या छातीवर श्रीवत्साची खूण, म्हणून तो श्रीवत्सलांछन. तिथं कुणी डाग म्हणत नाही. घोटाळा होतो तो चंद्रापाशी. चंद्रावर सशाची किंवा हरणाची खूण, म्हणून तो शशलांछन, मृगलांछन. एवढ्या उजळ बिंबावर काळी खूण दिसली की कवींना ती खटकणारच. कलंक आणि लांछन जोडीनं वापरले जाऊ लागले आणि मराठी बोलण्यात 'कुळाला लांछन' तेवढं उरलं.

कन्नडात दुसरी वाट टिकली, ती ताम्रपटांची. बदामीचे चालुक्य स्वतःला वराहलांछन म्हणवून घेत. शिक्क्यावर वराह. आमच्या खानापूर तालुक्यातलं हलशी म्हणजे जुनी पलाशिका, कदंब राजांची. कदंबांच्या लेखांत दोन वेगळे शब्द येतात, सिंहलांछन आणि वानरध्वज. शिक्क्यावर उमटतं ते लांछन आणि काठीवर फडकतो तो ध्वज, इतका नेमका फरक. या मातीत राजाचं लांछन हा हजार वर्षांहून जुना शब्दप्रयोग आहे. सिंहमुद्रा २६ जानेवारी १९५० ला देशानं घेतली तेव्हा कन्नडाला शब्द शोधत बसावं लागलं नाही.

आपल्यालाही लागलं नाही म्हणा. मराठीत शिवाजी महाराजांची राजमुद्रा होतीच. त्यामुळे राजमुद्रा म्हटलं की मराठी माणसाला आधी अष्टकोनी शिक्का आठवतो, सिंह नंतर.

निपाणी तंबाखू :
तुम्ही चालुक्यांपर्यंत गेलात, मी पुतण्याच्या एका मार्कावर येतो. कुठल्याशा सामान्यज्ञान स्पर्धेत प्रश्न होता, 'भारताचे राष्ट्रगान कोणते?' पोरानं लिहिलं वंदे मातरम्. चूक दिली. कारण प्रश्नपत्रिका मूळ हिंदीतली, मराठी करणाऱ्यानं शब्द तसाच ठेवलेला. हिंदीत राष्ट्रगान म्हणजे जन गण मन आणि राष्ट्रगीत म्हणजे वंदे मातरम्. आपल्याकडं राष्ट्रगीत म्हणजे जन गण मन, आणि वंदे मातरम्‌ला काही जण राष्ट्रीय गीत म्हणतात, काही जण राष्ट्रगान. पुरतं उलटं! पोराचं बरोबर होतं खरं मार्क गेला.

('खरं' म्हणजे 'पण' हं. पुण्याच्या वाचकांसाठी सांगितलं.)

अनगोळवाला :
आणि कन्नडात?

निपाणी तंबाखू :
कन्नडातही राष्ट्रगीते म्हणजे जन गण मनच. म्हणजे इथं मराठी आणि कन्नड एका बाजूला, हिंदी दुसऱ्या बाजूला. तसंच 'शिक्षा'. हिंदीवाले शिक्षा देतात शाळेत, आपण आणि कन्नडवाले देतो कोर्टात. लांछनाला भांडलो, शिक्षेला एक झालो.

हलशी फाटा :
२४ जानेवारी १९५० ला संविधान सभेत राजेंद्र प्रसादांनी जे निवेदन केलं त्यात जन गण मनला राष्ट्रगीताचा दर्जा आणि वंदे मातरम्‌ला तितकाच मान, असं ठरलं. पण तो निर्णय इंग्रजीत वाचला गेला. प्रत्येक भाषेनं आपापलं नाव ठेवलं. माझं मत विचाराल तर मराठीत राष्ट्रगान हा शब्द वापरूच नये. राष्ट्रगीत आणि वंदे मातरम्, एवढं पुरतं. वंदे मातरम्‌ला स्वतःचं नाव असताना आणखी पदवी कशाला?

शेडबाळची लेक :
तिसरं गीत विसरलात, नाडगीते, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत. कन्नड कवी कुवेंपूंचं, शाळेत रोज व्हायचं. पहिल्या ओळीतल्या 'तनुजाते'चा अर्थ मला दहावीपर्यंत कळला नव्हता. कुणाचं तरी नाव वाटायचं. तनुजाता म्हणजे लेक. कर्नाटक ही भारतमातेची लेक, असं ते गाणं सांगतं. आणि नाड, म्हणजे प्रदेश, हा शब्द परका वाटत असेल तर गल्लीतल्या नाडकर्णींना आणि नाडगौडांना विचारा. नाडाचा हिशेब लिहिणारा तो नाडकर्णी. पिढ्यान्‌पिढ्या दारावर लिहिलेला कन्नड शब्द आहे तो.

शहापूर शिलाई :
मी शिवणकाम करतो, शब्द कमी कळतात, पण झेंड्याबद्दल बोलतो. बेळगावात नुसतं 'झेंडा शिवून द्या' म्हणून कुणी आलं तर मी विचारतो, कुठला? भगवा, कन्नडवाल्यांचा लाल-पिवळा, लाल बावटा, सगळे शिवलेत. तिरंगी मात्र मी शिवत नाही. तो हुबळीच्या बेंगेरीतून खादीचा येतो, नाहीतर आता पॉलिस्टरचा पण चालतो. नोव्हेंबरच्या १ तारखेला तर विशेषण लावल्याशिवाय झेंडा हा शब्द तोंडातून काढायची सोय नाही. एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडं सीमाप्रश्नाचा आपला काळा दिवस, काळे झेंडे. आणि १५ ऑगस्टला सकाळी सात वाजता पोरं इस्त्रीचे कपडे घालून निघतात, त्यांना विचारलं कुठं, तर म्हणतात 'झेंड्याला'. तेवढ्या दिवशी कुठला ते कुणी विचारत नाही.

बावटा कन्नडात बावुट आहे. गिऱ्हाईक कुठल्याही भाषेतलं असो, माझं काम अडत नाही.

हलशी फाटा :
शिलाईमामा, 'झेंड्याला' हा प्रयोग सुंदर आहे. झेंडावंदन या शब्दाला काही शुद्धिवाले नाक मुरडतात, देशी झेंड्याला संस्कृत वंदन जोडलं म्हणून. ध्वजवंदन म्हणा म्हणतात. कुणी म्हणत नाही. बरं, निमंत्रणपत्रिकांत सगळीकडं ध्वजारोहण छापतात तेही अर्धंच बरोबर. १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात, ते आरोहण. २६ जानेवारीला तो आधीच वर बांधलेला असतो, दोरी ओढून नुसता उलगडतात. त्याला फडकवणं म्हणावं. आणि हो, मराठीत विशेषण तिरंगी. 'तिरंगा' हिंदीतून आला आणि आता जायचा नाही.

अनगोळवाला :
सगळ्यांचे आभार. पेपर झाला, मुलगी 'नाल्कु सिंहगळु' (चार सिंह) असं काहीतरी लिहून आली म्हणते. आईला काल रात्री तुमचं सगळं वाचून दाखवलं. श्रीवत्सलांछनाला तिनं मान डोलावली, कारण ते तिला कीर्तनातून माहीत होतं. जैनांच्या लांछनालाही हरकत नाही म्हणाली. मग कनवटीची पिशवी सोडून दहाचं नाणं काढलं, चष्मा वर करून सिंह बघितले आणि म्हणाली, "एवढं लांबण कशाला लावायचं? शिक्का म्हणा की सरळ."

निपाणी तंबाखू :
आज्जींना सांगा, शिक्का फारसीतून आलाय.

अनगोळवाला :
सांगितलं. म्हणाली, येऊ दे.