अर्विन जॅकेट: लेबलवरचा आकडा आणि शिवणी

अर्विन जॅकेट, म्हणजे ब्रिटिश वैमानिकांचं मेंढीच्या कातड्याचं जुनं जॅकेट, विकत घेताना लेबलवर ‘५’ दिसला, तर त्याचा छातीच्या इंचांशी काय संबंध, असा प्रश्न पडतो. थेट काहीच नाही. ब्रिटिश हवाई दलाच्या या जॅकेटांवर नुसता मापाचा क्रमांक असे. ३८, ४० असे छातीचे आकडे बी-३ या अमेरिकन वैमानिकांच्या तशाच जॅकेटवर सापडतात. विकणाऱ्याकडून लेबलचा फोटो नको, टेपचं माप मागा. जॅकेट सपाट पसरून, चेन लावून, काखेपासून काखेपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. पण बाहेरून मोजलेलं सगळं तुमच्या वाट्याला येत नाही, आतली लोकर बरीच जागा खाते. माझं पहिलं जॅकेट कागदावर ऐसपैस होतं. घातल्यावर हात खांद्याच्या वर जाईना!

जॅकेट कोणत्या वर्षीचं हे ओळखायला आधी पाठ बघा. सुरुवातीच्या जॅकेटांत कातड्याचे मोठे, सलग तुकडे आहेत. दुसऱ्या महायुद्धात काटकसर सुरू झाली तसे छोटे तुकडे जोडले गेले, शिवणी वाढल्या. अर्थात एवढ्यावरून नेमकं वर्ष सांगणारा थापा मारतोय. अमेरिकन लेबलवर ऑर्डर क्रमांक ‘४२-’ने सुरू होत असेल तर ते ४२ म्हणजे आर्थिक वर्ष १९४२, जुलै १९४१पासून सुरू झालेलं. आणि मूळ चेन म्हणून वायकेके या जपानी कंपनीची चेन दाखवत असतील, तर नमस्कार करून निघा.