पेट्रोलवर पाच मिनिटं बोलायचंय, मुद्दे हवेत (अर्जंट)

राऊचा_रहिवासी:
मंडळाच्या वादविवादात कुणीतरी परस्पर माझं नाव देऊन टाकलंय. विषय: पेट्रोल स्वस्त असावं की महाग. शनिवारी आहे. नेटवर शोधलं तर नुसते आजचे दर येतात, नाहीतर पुढाऱ्यांची भांडणं. मुद्दे द्या, आकड्यांसकट. गप्पा नकोत, वेळ नाहीये.

मोरपंखी:
मराठीत बोलायचंय की हिंदीत? ऐकणारे कोण, कॉलेजची मुलं की पेन्शनर मंडळी?

सयाजीगंजकर:
इंदूरचे ना तुम्ही? मग मुद्दा घरातच आहे की. मी बडोद्याहून गाडीने इंदूरला येतो तेव्हा दाहोदला टाकी गळ्यापर्यंत भरून घेतो. पिटोलला मध्य प्रदेशची हद्द ओलांडली की लिटरमागे दहा-बारा रुपये जास्त. तेल तेच, रस्ता तोच. फरक सगळा कराचा. मध्य प्रदेशात २९ टक्के व्हॅट, वर लिटरला अडीच रुपये, त्यावर १ टक्का सेस. आमच्याकडे १३.७ टक्के आणि ४ टक्के सेस. केंद्राचं उत्पादन शुल्क वेगळंच.
२०२० आठवा. कच्चं तेल मातीमोल झालं होतं, २० एप्रिलला अमेरिकेत वायद्याचा भाव शून्याखाली गेला. आणि आपल्याकडे मार्च आणि मे मिळून पेट्रोलवर १३ रुपये शुल्क चढलं. स्वस्ताई आपल्या दारापर्यंत आलीच नाही. एवढं बोललात तरी टाळ्या.

खवट_काका:
पेट्रोल सकाळी सहाला भरत जावं. गार असतं, घट्ट असतं, जास्त मिळतं. आणि शंभरचं न भरता एकशे दहाचं भरावं. मी तीस वर्षं असंच करतोय.

पंपावरचा_माणूस:
काका, टाक्या जमिनीखाली असतात. तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही. एकशे दहाचं भरल्याने तर काहीच होत नाही, तुमचे दहा रुपये जास्त जातात एवढंच. मापाची शंका आली तर पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागा, प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं. तीस वर्षांत एकदा तरी मागितलंत का?

खवट_काका:
पंपवाला असंच म्हणणार.

राऊचा_रहिवासी:
मराठीत. ऐकणारे सगळे घरचेच. पण सयाजीगंजकर, तुमचं मी काय करू? मी महागच्या बाजूने आहे. चिठ्ठीत तेच निघालं.

सयाजीगंजकर:
धन्य आहात! हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं हो.

ग्वाल्हेरी_तिखट:
मग आता खरी मजा. महागच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आपल्याच देशात आहे आणि तो कुणी वापरत नाही. जून २०१० मध्ये पेट्रोल सरकारी भावातून सुटलं. डिझेल ऑक्टोबर २०१४ पर्यंत बांधलेलंच राहिलं. दोन्हीत फरक पडला तसे लोक काय करू लागले? डिझेलच्या गाड्या. २०१२-१३ मध्ये नव्या गाड्यांत निम्म्याच्या आसपास डिझेलच्या होत्या. सवलत ट्रक आणि शेतकऱ्यासाठी होती, खाल्ली कारवाल्यांनी. पुढे फरक आटला आणि डिझेलची ओढही आटली. २०२० मध्ये मारुतीने तर डिझेल गाड्या बंदच केल्या (बीएस-६ चं, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांचंही कारण होतं, ते विचारतील, तयार राहा). म्हणजे भाव वाढला म्हणून उद्या कुणी ऑफिसला जायचं थांबत नाही, पण पुढची गाडी घेताना हिशोब बदलतो. आणि ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आपण बाहेरून आणतो, तेव्हा हा हिशोब देशाच्या खिशाचा आहे.

मोरपंखी:
आणि भाजी महाग होते त्याचं काय?

ग्वाल्हेरी_तिखट:
भाजी डिझेलवर येते. विषय पेट्रोलचा आहे. ही गल्लत समोरचा करणारच, तिथेच पकडायचं.

सयाजीगंजकर:
आणि पेट्रोल म्हणजे श्रीमंतांची चैन, असं म्हणायला जाल तर आपटाल. २०१४ च्या सरकारी पाहणीत निघालं होतं की ६० टक्क्यांहून जास्त पेट्रोल दुचाक्या पितात.

चिंटू_चा_बाबा:
कुणी ई-२० बद्दल, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलबद्दल का बोलत नाही? इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा. २० टक्के मिसळलं की ॲव्हरेज थोडं तरी पडणारच. मग तेवढा भाव उतरवा ना! माझी गाडी २०१६ ची आहे, रबरी नळ्यांचं काय होईल कुणी सांगेल का?

मोरपंखी:
त्यासाठी वेगळा धागा काढा.

राऊचा_रहिवासी:
दुचाकीचा मुद्दा मला स्वतःलाच टोचतोय. काल भंवरकुआँला पंपावर माझ्यापुढे एक पोरगा, पाठीवर जेवण पोचवायची ती चौकोनी बॅग. साठ रुपयांचं घेतलं, म्हणजे जेमतेम अर्धा लिटर. मीटर थांबल्यावर म्हणाला, भिया, नळी झटक जरा. दोन थेंब पडले ते वाकून बघितले आणि मग झाकण लावलं. तो समोर बसला असेल तर मी काय तोंडाने बोलू?

पंपावरचा_माणूस:
असे रोज शंभर येतात. आणि लोकांना वाटतं भाव वाढला की पंपवाला मालामाल. आमचं कमिशन बहुतेक लिटरवर ठरलेलं, टँकरचे पैसे मात्र आधी भरायचे, भाव वाढला की जास्त अडकतात. उतरला तरी आम्हीच. २१ मे २०२२, शनिवारची संध्याकाळ, शुल्क ८ रुपयांनी उतरल्याची घोषणा. माझ्या टाकीत बारा हजार लिटर चढ्या भावाचं पडून. करा हिशोब.

ग्वाल्हेरी_तिखट:
राऊकर, त्या पोरालाच भाषणात घ्या. म्हणा, पेट्रोल महाग ठेवा, पण वरचा पैसा कुठे जातो ते त्याला दिसू दे. इंदूरला उदाहरण शोधायला लांब जायला नको. ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा ५५० टनांचा प्रकल्प २०२२ पासून तुमच्याकडे आहे, त्या गॅसवर शहराच्या बसेस धावतात.

सयाजीगंजकर:
आणि २०१३ मध्ये मोठ्या थाटात आलेली बीआरटीएस, म्हणजे बससाठीची वेगळी मार्गिका, २०२५ मध्ये तोडायला काढली, तेही सांगा! बसला रस्ताच ठेवला नाही तर महाग पेट्रोल हा निव्वळ दंड. पर्याय आधी, भाव मागाहून.

ग्वाल्हेरी_तिखट:
पेट्रोल स्वस्त असेपर्यंत पर्यायाची मागणी करतो कोण?

सयाजीगंजकर:
मागणी आहे, बस नाही. सकाळी नऊला एखाद्या थांब्यावर उभं राहून बघा.

मोरपंखी:
तुम्ही दोघंच जा शनिवारी. राऊकर, समोरच्या बाजूला कोण आहे ते सांगा, त्यावर बरंच ठरतं.

राऊचा_रहिवासी:
डिझेल गाड्यांचा मुद्दा घेतला. पोरगाही घेतला, सुरुवातीलाच. व्हॅटचे आकडे समोरून येणार, म्हणून तेही पाठ करतोय. सयाजीगंजकर, बसचं तुमचं खरंय, त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही, रात्री बघतो.
समोर सासरे आहेत. हे सांगायचं राहिलं. ते पेट्रोल सकाळी सहालाच भरतात.

खवट_काका:
शहाणा माणूस.