मदत हवी आहे: मिरजेच्या मुलाखतीतला तंबोराच गायब झालाय

मेसचा_डबा
नमस्कार मंडळी. आवाजाच्या कामातलं कळणाऱ्यांसाठी धागा काढतोय. दोन वेगळे प्रश्नही आहेत, ते शेवटी.

आम्ही चौघं सांगलीत गेल्या दिवाळीपासून मराठी पॉडकास्ट करतोय. विषय चार: कॉलेज, खेळ, संगीत आणि आंतरराष्ट्रीय राजकारण. चौघांची चार वेडं, म्हणून चार विषय. यापेक्षा मोठं धोरण नाही. कॉलेजचे भाग आपोआप होतात. एसटीचा पास, मेसची पातळ आमटी, केटी, युवा महोत्सवाच्या आदल्या रात्री हरवलेली ढोलकी, तासभर कुठे जातो कळत नाही. रेकॉर्डिंग विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत, भिंतींना आईच्या वाकळी टांगून. घरमालकीणबाईंना वाटतं आम्ही ढेकूण मारतोय.

अडचण संगीताच्या भागाची आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, त्या निमित्ताने तिथल्या एका तंतुवाद्य बनवणाऱ्या आजोबांकडे गेलो होतो. दीड तास बोलले. भोपळा वाजवून कसा पारखायचा, दांडी कशी जोडायची, आणि मग जवारी, म्हणजे तारेला गुंजायला लावणं. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोरा घालून तो केसभर पुढे, केसभर मागे करत राहिले. एका जागी आला आणि तोवर नुसती टण्टण् करणारी तार अशी गुंजायला लागली की आम्ही प्रश्न विचारायचेच विसरलो.

घरी येऊन ऐकलं तर मागे पंख्याची घरघर. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन, म्हणजे नको तो आवाज काढायची सोय, वापरली. आजोबांचा आवाज लख्ख झाला, तंबोरा मात्र गेला. आजोबा म्हणतात, "आता ऐका", आणि पुढे वीस सेकंद विहिरीत पोहरा आपटल्यासारखं काहीतरी. मूळ फाइल मी जागा करायला फोनमधून उडवली. शिव्या घाला, हरकत नाही. तंबोरा परत आणता येईल का? परत जावं लागलं तर कसं रेकॉर्ड करू? आमच्याकडे एक कॉलर माइक आणि दोन फोन आहेत.

बाकीचे दोन प्रश्न: खेळाचा भाग म्हटला की सगळे म्हणतात स्मृती मानधनाला बोलवा. ती सांगलीत वाढली म्हणून आमच्या वाकळीत येऊन बसणार आहे का? दुसरं कोण, काय? आणि आंतरराष्ट्रीय राजकारणावर कुणालाही बोलवा, भाषण सुरू होतं. मागच्या पाहुण्यांनी "आजच्या बदलत्या जागतिक परिप्रेक्ष्यात" अशी सुरुवात केली आणि तो परिप्रेक्ष्य चाळीस मिनिटं बदलत राहिला.

खर्ज
नॉइज प्रोफाइल, म्हणजे काढायच्या आवाजाचा नमुना, घेताना कुठला तुकडा निवडला होतास?

मेसचा_डबा
सुरुवातीचे आठ-दहा सेकंद. तिथे कुणी बोलत नव्हतं. आजोबा नुसता तंबोरा छेडत होते.

खर्ज
मग चोर सापडला. त्या तुकड्यात जे ऐकू येतं तो कचरा, असं तू सॉफ्टवेअरला शिकवलंस. त्याने खालपासून वरपर्यंत प्रत्येक कंपनसंख्येच्या टप्प्यात किती आवाज आहे ते मोजलं आणि पुढे तेवढ्या पातळीचं जे सापडलं ते सगळं खाली दाबलं. त्यात तंबोरा म्हणजे सतत तेच स्वर. बोलणं चढतं-उतरतं, म्हणून वाचलं. जवारीची गुंजन म्हणजे वरच्या बारीक स्वरांचा थर, तो पहिला गेला. साफ केलेल्या फाइलमधून तो परत येणार नाही. परत जा.

जाताना एवढं कर. पंखा बंद. वाद्याला कुणी हात लावायच्या आधी सगळे गप्प बसून पंधरा सेकंद नुसत्या खोलीचा आवाज घे. प्रोफाइल त्यावरून घ्यायचा, तोही फक्त बोलण्याच्या ट्रॅकला. कॉलर माइक आजोबांना लाव आणि एक फोन तंबोऱ्यासमोर हातभर अंतरावर, टेबलावर नको, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेव. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये आवाज साफ करण्याचा पर्याय असेल तर तो बंद. दोन्ही फोन चालू झाले की एक टाळी वाजव, नंतर ट्रॅक जुळवायला तीच कामाला येते.

घरघर काढायला खालचे आवाज कापणारा फिल्टर लावतात, तिथेही जपून. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात लावलेल्या) तंबोऱ्याचा षड्ज 138 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे खर्ज, खालच्या सप्तकातला सा, 69 ला. सवयीने 80 वर कापलंस तर खर्जाच्या तारेचा पायाच जाईल. आणि फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. मूळ फाइल मात्र भाग प्रसिद्ध होईपर्यंत दोन ठिकाणी ठेव.

कृष्णाकाठ
खेळासाठी माणूसच कशाला हवा, विषय घ्या. विजय हजारे 1915 साली सांगलीत जन्मले. 1952 मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार तेच. नंदू नाटेकरही सांगलीचेच, 1956 मध्ये परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय. गावातल्या दहा पोरांना ही नावं विचारा आणि उत्तरं रेकॉर्ड करा. भाग झाला.

हळदीचं_पेव
आंतरराष्ट्रीय म्हणजे दिल्ली-वॉशिंग्टनच कशाला पायजे ओ? मार्केट यार्डातनं सुरुवात करा की. हळदीनं जखम बरी होते ह्याचं पेटंट अमेरिकेनं 1995 ला तिथल्याच एका विद्यापीठाला दिलं. आपल्या सीएसआयआरनं, म्हंजे सरकारी विज्ञान संशोधन परिषदेनं, जुने ग्रंथ पुढं करून भांडण केलं आणि 1997 ला ते रद्द झालं. आमची आज्जी हे ऐकून म्हणाली, "मग मला का नाही दिलं?" 2010 ला युरोपनं औषधाचा अंश सापडला म्हणून द्राक्षं नाकारली, तेव्हा तासगाव भागात कुणाची झोप उडाली ते विचारा. प्राध्यापक बोलवाच, पण शेजारी एक बागायतदार बसवा. मास्तर परिप्रेक्ष्य म्हणाले की तो विचारतोय बघा, "म्हंजे दर किती?"

मेसचा_डबा
हळदीचं_पेव, तुमच्या आज्जीलाच बोलवू का? खरंच विचारतोय.

अपडेट: रविवारी परत मिरजेला जाऊन आलो. तंबोरा पुसला गेल्याचं आजोबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "पंखा बंद करा म्हणाला असता तर मागच्याच वेळी केला असता की." खर्ज यांनी सांगितलं तसंच सगळं केलं, टाळीसकट. गुंजन आली आहे, हेडफोन लावून तीनदा ऐकली. फक्त आत स्वयंपाकघरात कुकर लावला होता, त्याच्या तीन शिट्ट्या मध्ये आल्यात. त्या काढत नाही. दुसरी शिट्टी पंचमाच्या अगदी जवळ लागली, असं आजोबांचंच म्हणणं आहे.