पिल्लांचे फोटो काढणं ज्यांना थेर वाटतं त्यांना उत्तर

खिडकीतला_उजेड:
काल एकानं इथं लिहिलं, "मांजराच्या पिल्लांना टोपलीत बसवून, गळ्यात रिबिनी बांधून फोटो टाकायची थेरं बंद करा. मांजर म्हणजे लग्नाचं स्थळ नव्हे. ज्याला पाळायचंय तो फोटो न बघता नेतो." आणि खाली सगळे 'बरोबर बोललास भावा' करून मोकळे. मला राहवेना म्हणून लिहितोय, लांबेल, पण वाचा.

फोटो न बघता नेणारा माणूस मला एकदा दाखवाच. इथं कोल्हापुरात कपिलतीर्थ मार्केटजवळ खोक्यात घालून सोडलेली, पावसात गटारीच्या कडेला ओरडत बसलेली अशी पिल्लं आमच्यात राजारामपुरीत येतात. आधी ओळखीपाळखीत विचारतो. "बघूया की", "सासूबाईंना विचारून सांगते", "बोका असला तर सांगा". झालं, पुढं काही नाही. तेच नीट फोटो टाकला की त्याच दिवशी फोन येतात, आणि फोन करणारा 'एखादं द्या' म्हणत नाही, 'ते कानावर ठिपका असलेलं गेलं का हो' असं विचारतो. त्याच्या डोक्यात एक पिल्लू बसलेलं असतं, घरच्यांना दाखवून झालेलं असतं.

आणि वेळ कुठाय? आठ आठवड्यांचं झालं की पिल्लू द्यायला तयार, तेव्हा वजन असतं पाऊण किलोच्या आसपास. चार महिन्यांचं लांबुडकं झालं, कान मोठे दिसायला लागले की कोण विचारत नाही. म्हणजे हातात फार तर दोन महिने. तेवढ्यात नवीन पिल्लं येतच असतात आणि एकानं पॅनल्यूक, म्हणजे मांजरांचा जीवघेणा साथीचा आजार, आणला की सकाळी खेळणारं पिल्लू रात्री मान टाकतं, मग त्याच्या सोबतची पण जातात. लसच मुळात सहा-आठ आठवड्यांनंतर सुरू होते. एकेक जितकं लवकर चांगल्या घरी जाईल तितकं मागं राहिलेल्यांना बरं.

फोटो काढतो म्हणजे काय करतो तेपण ऐका. सकाळी खिडकीजवळ, ट्यूबलाईट बंद, फ्लॅश तर नाहीच, फ्लॅशनं डोळे हिरवे चमकतात आणि पिल्लू बुजतं. दूध-खाणं झाल्यावर, झोपेला यायच्या आधी. कोमट पाण्यात कापूस भिजवून डोळ्यांच्या कडा पुसायच्या. मी फरशीवर पालथा, फोन पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीला, बायको माझ्या डोक्यावर खराट्याची काडी हलवत बसते. पिल्लू काडीकडं बघतं, फोटोत वाटतं आपल्याकडंच बघतंय. एक फोटो तळहातावर, म्हणजे केवढं आहे ते कळतं, एक बाजूनं, एक चालताना. पाच मिनिटांत पिल्लू परत टोपल्यात. ज्या गावात सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला त्या गावात याला थेर म्हणतात?

पेठेतला_गडी:
मीच लिहिलं होतं आणि अजून तेच म्हणतोय. दादा तुमचं काम चांगलं असेल, पण तुम्ही एकटे नाही फोटो टाकणारे. आमच्या गल्लीत शिवाजी पेठेतच एकीनं फोटो बघून पिल्लू आणलं, निळे डोळे, पांढरंशुभ्र. दोन महिन्यांत डोळे पिवळट झाले आणि अंगावर कसला राखाडी रंग चढला. "फोटोत असं नव्हतं" म्हणून बाई रोज कुरकुर. शेवटी एक दिवस पिल्लू रंकाळा तलावावर सोडून आले, विचारलं तर म्हणतात "तिथं मासे असतात, जगेल". मी दोन दिवस पदपथावर शोधत फिरलोय, सापडलं नाही. फोटोवर भाळून नेलेलं फोटोसारखं राहिलं नाही की टाकून देतात, हे मी डोळ्यानं बघितलंय.

आमची आजी मांजरं द्यायची तेव्हा आधी त्या घरी जाऊन यायची. दार उघडं असतं का, शेजारी कुत्रं आहे का, घरात म्हातारं माणूस दुपारी असतं का. मग पदराखाली घालून नेऊन द्यायची. फोटो कुठला आलाय त्यात.

कळंबा_रोड:
गडी भाऊ, डोळ्यांचं कारण फोटो नाही हो. सगळ्याच पिल्लांचे डोळे उघडतात तेव्हा निळसर असतात, दीड-दोन महिन्यांनी खरा रंग यायला लागतो. फोटोखाली एक ओळ लिहायची, 'डोळ्यांचा रंग बदलेल'. लिहीत नाहीत कारण निळे डोळे खपतात, इथं मात्र तुमचं म्हणणं मला पटतं. काहीजण तर फिल्टर लावून राखाडी पिल्लू निळं करून टाकतात. ही फसवणूकच आहे.

पण फोटोच नको म्हणत असाल तर माझ्याकडच्या काळ्या पिल्लांचं काय करू ते सांगा. आमच्याकडं पहिली ठिपक्यांची जातात, मग पांढरी, मग पट्ट्यांची. काळं राहतं. "काळं नको हो, सकाळी सकाळी आडवं गेलं तर" असं मला शिकलेल्या माणसांनी सांगितलंय, त्यातले एक तर कॉलेजात विज्ञान शिकवतात. अशा पिल्लाचा साधा फोटो काढला तर काळा गोळा दिसतो, दोन डोळे पण दिसत नाहीत. मग कोण कशाला नेईल. मी पांढऱ्या चादरीवर घेऊन बघितलं, तरी तसंच.

खिडकीतला_उजेड:
ताई पांढरी चादर काढा आधी. पांढरं जास्त दिसलं की फोन उजेड कमी करतो आणि पिल्लू अजून काळं होतं. जुनी विटकी गोधडी किंवा फिक्या हिरव्या रंगाचं लुगडं घ्या. पिल्लाच्या तोंडावर बोट ठेवून फोकस करा, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं वर सरकवा, आणि खिडकी पिल्लाच्या समोरून नको, एका कडेनं येऊ द्या, म्हणजे केसांवर चकाकी येते आणि तोंडाची ठेवण कळते. काळ्या मांजराचा फोटो नीट आला तर त्याच्याएवढं देखणं कोण नाही.

माऊची_मावशी:
फोटोचं तुमचं चालू द्या. मला वेगळंच विचारायचंय. ही पिल्लं 'वाचवलेली' असतात कशावरून? खोक्यात सोडलेली ठीक आहे, तो माणसाचा गुन्हा. पण माळ्यावर, जुन्या गाडीखाली, कोळशाच्या पोत्यामागं दिसली की लगेच उचलायची, फोटो टाकायचा, 'अनाथ बाळं, आई सोडून गेली'. कुठं गेली आई? ती खायला शोधत गेलेली असते! मांजर पिल्लांना सात घरं फिरवते हे लहान पोराला पण माहितीय. एक तोंडात धरून नेलं, दुसऱ्याला न्यायला परत येते तोवर हे फोटोवाले उरलेली उचलून नेतात. आमच्या जिन्याखाली ती माऊ पुढं तीन रात्री ओरडत फिरत होती, सगळ्या मजल्यांवर, प्रत्येक दारापुढं. ते ओरडणं ऐकलंय का कुणी? त्याचा फोटो येत नाही.

खिडकीतला_उजेड:
मावशी मी कधीच असं उचलत नाही. लांब उभं राहून काही तास वाट बघायची हे मी सगळ्यांना सांगतो. पिल्लं गरम आणि पोट फुगीर असेल तर आई आसपास आहे, हात लावायचा नाही. गार पडलेली, सतत ओरडणारी, घाण झालेली असतील तरच.

माऊची_मावशी:
तुम्ही नसाल उचलत, पण फोटोला फोन येतात हे बघून कॉलेजची पोरं शोधत फिरायला लागलीत. हे तुमच्या फोटोंमुळंच.

उचगाव_फाटा:
काहीतरीच काय मावशी. वाट बघा म्हणे. मी वाट बघितली आणि आमच्या गॅरेजमागं कुत्र्यांनी चारातली तीन फाडली. जुलैचा पाऊस, दिवसभर उघडीप नाही, आई भिजून कुठंतरी अडकलेली. तुमचं सात घरांचं ज्ञान त्या पिल्लांना सांगा. चौथं शर्टात घालून घरी नेलं, दर दोन-तीन तासांनी उठून पाजलं. गायीचं दूध देऊन जुलाब लागले तर डॉक्टरांनी पिल्लांचं पावडरचं दूध दिलं आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायला सांगितली. तुम्ही बाल्कनीतून बघणार आणि आम्हाला चोर म्हणणार.

माऊची_मावशी:
चोर म्हटलं नाही, शब्द माझ्या तोंडात घालू नका. आणि बाल्कनी काढू नका. 2019 च्या पुरात शाहूपुरीत आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा मी मांजर आणि तिची पिल्लं तांदळाच्या डब्यात घालून गच्चीवर नेली होती, माणसांना खायला नव्हतं तेव्हा तिला भात घातलाय. आईसकट नेली, हे लक्षात घ्या. आईसकट. नुसती गोजिरवाणी उचलायची आणि आईला रस्त्यावर ठेवायची याला माझा विरोध आहे. कारण पुढं काय होतं? मांजर नऊ आठवडे पोटुशी असते. पिल्लं गेली, दूध आटलं की थोड्याच दिवसांत परत माजावर येते. तुम्ही पाच पिल्लांना घरं मिळाली म्हणून आनंदात, तोवर तिकडं पुढची पाच तयार.

कळंबा_रोड:
हे मात्र शंभर टक्के. मांजरीच्या नसबंदीच्या ऑपरेशनचा विषय काढला की लोक अंगावर येतात, "एकदा तरी आई होऊ दे बिचारीला". पाच-सहा महिन्यांची झाली की मांजरी गाभण राहू शकते, ते पोरच असतं. आणि 'बोकाच द्या' म्हणणारे पण तेच, कारण पिल्लांची कटकट नको. म्हणून ठिपक्यांचं तीन रंगांचं पिल्लू फोटोत सगळ्यांना आवडतं आणि ते जवळपास नेहमी मादीच असतं हे कळलं की फोन बंद.

पेठेतला_गडी:
बघा, मूळ मुद्दा कुठल्या कुठं गेला. सोडून देणाऱ्यांना काहीच होत नाही हा खरा विषय आहे. उपाशी मरेल असं जनावर टाकून देणं हा 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये. पन्नास रुपयांत आज एक मिसळ पण येत नाही. मग माणूस घाबरेल कशाला? फोटो बघून नेतो, कंटाळला की रंकाळा आहेच.

उचगाव_फाटा:
म्हणून फोटो बंद? दंड कमी आहे हा पिल्लाचा दोष हाय काय? तुमच्या आजीच्या वेळी गल्लीत सगळी एकमेकांना ओळखत होती. आता माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला माहीत नाही, आजीसारखं पदराखाली घालून कुणाच्या दारात जाऊ?

पेठेतला_गडी:
अरेतुरे नाही केलं अजून, पण आवाज खाली घे. आजीवर जायचं काम नाही.

खिडकीतला_उजेड:
दोघंपण जरा थांबा. गडी भाऊ, तुमच्या आजी करत होत्या ते मी करतोच. फोटो बघून फोन आला म्हणून पिल्लू देत नाही. घरी येऊन बघा म्हणतो, मग मी त्यांच्या घरी स्वतः पोचवायला जातो, खिडक्यांना जाळी आहे का बघतो, घरमालकाला चालतं का विचारतो. फोटो फक्त दार वाजवतो. दार उघडलं की पुढची चौकशी माणसानंच करायची, ती फोटोनं होत नाही हे तुमचं मान्य. पण दारच वाजलं नाही तर चौकशी कुणाची करू?

पेठेतला_गडी:
घरी पोचवायला जाता हे आधी लिहायचं होतं. तसं करणार असाल तर माझी हरकत नाही. रिबिनीला आहे. रिबीन ओढून पिल्लू गुदमरतं, आणि ज्याला रिबिनीचं पिल्लू आवडतं त्याला मांजर आवडत नाही, हे माझं मत बदलणार नाही.

खिडकीतला_उजेड:
रिबिनीबाबत मी तुमच्यासोबत आहे. पहिल्यापासून.

माऊची_मावशी:
म्हणजे आईचा विषय परत राहिला.

खिडकीतला_उजेड:
नाही राहिला मावशी. यापुढं प्रत्येक फोटोखाली आई कुठं आहे आणि तिचं ऑपरेशन झालं का ते लिहीन. पण एकट्यानं मांजर धरणं मला जमत नाही, पिल्लू धरणं वेगळं आणि मोठी मांजरी वेगळी, ती हात फोडते.

माऊची_मावशी:
मला जमतं. पिंजरा आहे माझ्याकडं, सुकट ठेवली की येते. आदल्या रात्रीपासून तिला उपाशी ठेवायला लागेल, डॉक्टर तसंच सांगतात. कपिलतीर्थजवळची ती पट्ट्यांची मांजरी कुठल्या दुकानामागं असते तेवढं सांगा.

उचगाव_फाटा:
गाडी माझी घ्या. मागची सीट काढलेली आहे, पिंजरा बसेल. आणि मावशी, बाल्कनीचं बोललो ते तेवढ्यापुरतं होतं, पण कुत्री दिसली तर मी वाट बघणार नाही, आधीच सांगतोय.

माऊची_मावशी:
कुत्री दिसली तर मीपण नाही बघणार. रविवारी सकाळी मार्केट भरायच्या आधी या, गर्दी झाली की ती बाहेर येत नाही.