मदत हवी आहे: २९ आठवड्यांचं बाळ, आईचं दूध कमी पडतंय. दुग्धपेढीचं दूध की फॉर्म्युला?

नवा_बाबा

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितोय, थोडं लांबलंय.

आमची मुलगी २९ आठवड्यांची असताना जन्मली. जन्माचं वजन ११८० ग्रॅम. आज नववा दिवस. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे, श्वासाचा आधार कालपासून कमी केलाय. नळीने दर दोन तासांनी १० मिली दूध जातं, म्हणजे दिवसाला १२० मिली. हिचं दूध दिवसभराचं मिळून ७०-७५ मिली निघतं. पहिल्या दिवशी चिकाचे चार थेंब निघाले होते, ते सिस्टरनी बाळाच्या गालाच्या आतून लावले. तेव्हापासून ही दर तीन तासांनी पंप घेऊन बसते. परवापर्यंत भागलं, कारण बाळाला लागतच कमी होतं. आता रोज थोडं वाढवतायत आणि दूध पुरत नाही.

डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले. उरलेलं दूध दुग्धपेढीतून, म्हणजे दुसऱ्या आयांनी दिलेलं पाश्चराइज केलेलं, किंवा अकाली जन्मलेल्या बाळांसाठीचा फॉर्म्युला. त्यांचा कल पेढीच्या दुधाकडे आहे. उद्या सकाळी संमतीपत्रावर सही करायची आहे.

मी रात्री बसून संशोधन वाचतो. दुसरं काही माझ्या हातात नाही. पण त्यात माझ्याकडून एक चूक झाली. आईच्या दुधाने मुलांचा बुद्ध्यांक ७.५ गुणांनी वाढतो असं एका अभ्यासात वाचलं आणि ते मी हिला वाचून दाखवलं. मला वाटलं, तिला हुरूप येईल. ती काही बोलली नाही. नंतर पंप करताना रडत होती.

तो आकडा आमच्या बाळाला लागू आहे का? तापवलेल्या दुधात काही उरतं का? आणि हिचं दूध वाढायला अजून वेळ आहे की गेली? ज्यांना माहिती असेल त्यांनी कृपया सांगा.

शेवंती_म

अभिनंदन, बाळाचं आणि वहिनींचंही. मी बारा वर्षं एनआयसीयूत सिस्टर होते, म्हणून आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. वेळ गेलेली नाही. पण पुढचे पाच-सहा दिवस फार मोलाचे आहेत.

दर तीन तासांनी म्हणताय, पण चोवीस तासांत प्रत्यक्ष किती वेळा होतं ते एकदा कागदावर लिहा. बहुतेक घरांत ते सहावरच येतं, कारण मध्यरात्र ते पहाट सुटते. आठ ते दहा वेळा हवं, आणि रात्रीच्या मोठ्या खंडात एकदा तरी. घड्याळाला धरून समान अंतर ठेवायची गरज नाही, एकूण मोजणी गाठली की झालं.

दुसरं, नुसत्या पंपावर राहू नका. पंप चालू असताना हाताने स्तनावर दाब देत राहायचा आणि पंप झाला की शेवटचे थेंब हाताने काढायचे. जेन मॉर्टन यांच्या गटाने अकाली बाळंत झालेल्या आयांवर हे करून पाहिलं होतं. पहिल्या तीन दिवसांत ज्या आया पंपाबरोबर वारंवार हातानेही दूध काढत होत्या, त्यांचं दूध पुढे आठवडेच्या आठवडे जास्त राहिलं. त्याचं कारण साधं आहे. स्तन रिकामा होतो तेव्हाच शरीराला अजून बनवायचा निरोप जातो. साठून राहिलेलं दूध उलटा निरोप देतं. पंपाचा कप मापाचा आहे का तेही तिथल्या सिस्टरना पाहायला सांगा. दुखत असेल तर बहुतेक वेळा तो कपच चुकीच्या मापाचा असतो.

आणि कांगारू केअर. श्वासाचा आधार कमी झालाय तर डॉक्टरांना आजच विचारा. बाळ छातीवर तासभर तरी राहू द्या आणि ते खाली ठेवल्या ठेवल्या पंप करा. त्या वेळचं दूध वेगळंच येतं, मी शेकडो वेळा पाहिलंय. तुम्हीही बाळाला छातीवर घेऊ शकता, तेवढ्यात वहिनी झोपतील.

चौदाव्या दिवसापर्यंत दिवसाला ५०० मिली हे लक्ष्य धरतात, पण ते पुढे बाळाची गरज वाढेल म्हणून. आज तुमच्या बाळाला त्याच्या पाव हिश्श्यातच भागतंय. तो आकडा वहिनींना सांगू नका.

मोजपट्टी

मी सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात आकडेवारीचं काम करते. डॉक्टर नाही, तेव्हा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या. पण ७.५ चा उलगडा करू शकते.

तो आकडा बेलारूसमधल्या प्रोबिट नावाच्या अभ्यासातला आहे. १९९६-९७ मध्ये ३१ प्रसूतिगृहं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. एका गटातल्या प्रसूतिगृहांत स्तनपानाला नीट मदत देण्याचं प्रशिक्षण, दुसऱ्या गटात नेहमीचं काम. एकूण १७,०४६ बाळं. तीन महिन्यांना निव्वळ स्तनपानाचं प्रमाण पहिल्या गटात ४३.३ टक्के झालं, दुसऱ्यात ६.४. साडेसहा वर्षांनी मुलांची चाचणी घेतली तेव्हा भाषिक बुद्ध्यांकात सरासरी ७.५ गुणांचा फरक दिसला. तो तुम्ही वाचलेला.

आता जे तुमच्यापर्यंत पोचलं नाही ते. चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांना कोणतं मूल कोणत्या गटातलं हे माहीत होतं, त्यामुळे नकळत गुण वर-खाली होऊ शकतात. त्याच मुलांची सोळाव्या वर्षी संगणकावर चाचणी झाली, तेव्हा भाषिक फरक १.४ गुणांवर आला आणि एकूण बुद्धीत फारसा फरक उरला नाही. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती बाळं सगळी पूर्ण दिवसांची, निरोगी होती, आणि दोन्ही गटांतल्या आयांनी स्तनपान सुरू केलेलंच होतं. २९ आठवड्यांच्या बाळाबद्दल तो अभ्यास काहीच सांगत नाही. तो आकडा वहिनींच्या मनातून काढून टाका. आकडा खोटा नाही, पण तो त्यांच्या प्रश्नाचा नाही.

त्याच अभ्यासात पहिल्या वर्षातले जुलाब-उलट्यांचे संसर्ग १३.२ वरून ९.१ टक्क्यांवर आले. आईच्या दुधाचं संसर्गापासूनचं संरक्षण हा भाग पक्का आहे. बुद्धी, लठ्ठपणा, दमा इथे मात्र घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे इतकं गुंतलेलं असतं की दूध वेगळं काढून मोजणं कठीण जातं.

तुमच्या बाळाच्या बाबतीत प्रश्न आतड्याचा आहे. अकाली जन्मलेल्या बाळांच्या आतड्याला एनईसी नावाचा आजार होतो. आतड्याच्या भिंतीला सूज येते, काही भाग मरतो, कधी शस्त्रक्रिया करावी लागते, बाळ दगावूही शकतं. १९९० मध्ये लुकास आणि कोल यांनी ९२६ अकाली बाळांचा अभ्यास छापला. त्यात निव्वळ फॉर्म्युलावरच्या बाळांमध्ये हा आजार निव्वळ आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहा पट होता. नंतर नेमकी तुमच्यासारखीच निवड तपासली गेली. कॅनडात दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ३६३ बाळांना आईचं दूध कमी पडेल तिथे पेढीचं दूध किंवा फॉर्म्युला दिला. एनईसी पेढीच्या दुधावर १.७ टक्के, फॉर्म्युलावर ६.६. अठराव्या महिन्यात दोन्ही गटांचा बौद्धिक विकास सारखाच. अमेरिकेत त्याहून लहान ४८३ बाळांवर केलेला अभ्यास २०२४ मध्ये आला. तिथे ४.२ विरुद्ध ९ टक्के, आणि विकास पुन्हा सारखाच.

नवा_बाबा

तुम्हा दोघींचे फार आभार. पहाटे हिला फक्त एवढंच सांगितलं की तो आकडा आपल्या बाळासाठी नव्हता. तिने मोबाईल मागून घेतला आणि स्वतः वाचलं. शेवंतीताई, मोजणी केली. सहाच निघाली.

अजून दोन गोष्टी विचारतो. पेढीच्या दुधाने बुद्धीचा फायदा नाही, मग तोटा काही आहे का? आणि माझी मेहुणी दूध द्यायला तयार आहे, तिचं बाळ चार महिन्यांचं आहे. ते थेट देता येईल का? घरचंच माणूस आहे.

मोजपट्टी

तोटा आहे, वजन थोडं हळू वाढतं. अमेरिकेच्या अभ्यासात ते स्पष्ट दिसलं. पेढीत दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात. त्यात जिवंत पेशी मरतात, चरबी पचवायला मदत करणारं लायपेज निकामी होतं, जंतूंशी लढणारं लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन बरंच घटतं. संसर्गाशी लढणारं आयजीए काही कमी होतं पण बरंच टिकतं. आईच्या दुधातल्या खास साखरा, ज्या बाळाला पचत नाहीत पण आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना पोसतात, त्यांना उष्णतेने धक्का लागत नाही. शिवाय पेढीत दूध देणाऱ्या आया बहुधा पूर्ण दिवसांच्या बाळांच्या असतात आणि त्यांच्या दुधात प्रथिनं कमी असतात. अकाली बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला ती जास्त असतात. म्हणून वहिनींचे ७० मिली पहिले, पेढीचं दूध फक्त उरलेल्या जागेत.

शेवंती_म

मेहुणीबाईंचं मन मोठं आहे, पण थेट देऊ नका. घरचं माणूस म्हणून तपासणी टळत नाही. पेढीत दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांची तपासणी होते, औषधं विचारतात. सीएमव्ही नावाचा विषाणू तर निरोगी आईच्याही दुधात असू शकतो. मोठ्या बाळाला त्याने काही होत नाही, पण एवढ्या लहान बाळाला होऊ शकतं, आणि पाश्चरायझेशनने तो मरतो. त्यांना पेढीत दूध द्यायला सांगा. ते तुमच्याच बाळाला मिळेल असं नाही, कुणाच्या तरी बाळाला मिळेल.

उंबरा

माझा मुलगा २८ आठवड्यांचा. आमच्या वेळी पेढीची सोय नव्हती, माझं दूध निम्मं पुरायचं, बाकी फॉर्म्युला. तो आता सात वर्षांचा आहे, बरा आहे. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, वर मोजपट्टींनी लिहिलंय तेच खरं. मी दुसऱ्या कारणासाठी लिहितेय.

दादा, खोलीत शिरल्यावर पहिला प्रश्न "किती निघालं?" हा विचारू नका. त्या दिवसांत मला भेटणारं प्रत्येक माणूस आधी बाटलीकडे बघायचं. माझ्या पोटावर टाके होते, ते कुणी विचारलं नाही. बाटल्यांवर तारीख-वेळ लिहिणं, पंपाचे भाग धुणं, दूध फ्रिजपर्यंत नेणं हे सगळं तुम्ही घ्या. रात्री तीनला गजर तुमच्या मोबाईलवर लावा, तिच्या नाही.

नवा_बाबा

चौदावा दिवस. सही त्याच सकाळी केली. उंबराताई, मी रोज तेच विचारत होतो. बंद केलं. तीनचा गजर माझ्याकडे आहे.

बाळ आता दर दोन तासांनी १५ मिली घेतं. हिचं दूध काल १५० मिली झालं, म्हणजे पेढीचं फक्त ३० लागलं. कांगारू केअर दिवसातून दोनदा, एकदा ती, एकदा मी. डॉक्टर उद्यापासून दुधात फोर्टिफायर, म्हणजे दुधाचं पोषण वाढवणारं मिश्रण घालणार आहेत, वजन आणि हाडांसाठी. तो गाईच्या दुधापासून बनवलेला आहे. मानवी दुधापासून केलेलाही असतो असं वाचलं. त्यासाठी हट्ट धरावा का?

मोजपट्टी

किती छान बातमी! फोर्टिफायरसाठी हट्ट नको. स्वीडनमध्ये २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या २२८ बाळांवर दोन्ही प्रकार ताडून पाहिले. बाळं आईच्या किंवा पेढीच्याच दुधावर होती. एनईसी, रक्तातला संसर्ग आणि मृत्यू यांत मानवी दुधापासूनच्या फोर्टिफायरने फरक पडला नाही. ज्यात तो घालायचा ते मूळ दूध आईचं किंवा पेढीचं आहे ना, मग गाईच्या दुधाचा फोर्टिफायर चालेल. पोट फुगतंय का, तेवढं सिस्टर बघतीलच.

नवा_बाबा

ठीक आहे, डॉक्टरांना हो सांगतो. आज सिस्टरनी विचारलं, पेढीच्या दुधाची संमती पुढे चालू ठेवायची का. ही म्हणाली, ठेवा, मला रात्री एखाद वेळा झोप लागली तर बाळ उपाशी नको. मग पंप बाजूला ठेवून झोपली. तीनला उठवणार आहे.