'वॅगन रोड'ला मराठीत काय म्हणायचं? (गाडीवाट, चाकोरी, माग आणि झाडावरचा टवका)

घाटउतार:
मंडळी, एक शब्द अडलाय, म्हणजे खरं तर चार अडलेत. मी पिट्सबर्गजवळ राहते, इथल्या मराठी पोरांची एक दिवसाची सहल काढतोय, चाळीस नंबरच्या हायवेने फोर्ट नेसेसिटी या जुन्या किल्ल्यापर्यंत. तिथून जवळच रस्त्याच्या कडेला जनरल ब्रॅडॉकची कबर आहे आणि मागच्या झाडीत त्याच्या जुन्या रस्त्याचा खोलगट पट्टा अजून दिसतो. भारतातून आलेले आजीआजोबा पण येणार आहेत म्हणून माहितीचं एक पान मराठीत लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडकले.

गोष्ट १७५५ सालची. या ब्रॅडॉकची इंग्रज फौज विल्स क्रीक या ओढ्यावरच्या फोर्ट कंबरलंडपासून डोंगर ओलांडत फ्रेंचांच्या फोर्ट ड्यूकेनकडे, म्हणजे आत्ताच्या पिट्सबर्गकडे, निघाली होती आणि पुढे रस्ता तयार करत करत जायचं होतं, रुंदी १२ फूट. मी लिहिलं 'वॅगन रोडचे सर्वेक्षण'. सासरे रेल्वेतून रिटायर झालेत, वाचून म्हणाले, अगं तेव्हा मालगाड्या होत्या का तिकडे? बरोबर आहे त्यांचं, आपल्याकडे वॅगन म्हटलं की कोळसा भरलेली रेल्वेचीच डोळ्यापुढे येते.

तर वॅगन रोड, सर्व्हे, झाडांच्या साली तासून केलेल्या खुणांना म्हणतात ते ब्लेझ, आणि ट्रेस, या चौघांना धड मराठी सुचवा. विश्वकोशी नको, आजीला कळलं पाहिजे.

पाणंद:
पहिल्याचं उत्तर गावच्या नकाशात आहे की हो. गाडीमार्ग, बोलताना गाडीवाट. नकाशात पायमार्ग आणि गाडीमार्ग वेगवेगळे दाखवतात, पायमार्ग सव्वाआठ फुटांचा आणि गाडीमार्ग १६.५ ते २१ फुटांचा धरतात. तुमचा १२ फुटी म्हणजे आमच्याकडच्या हिशोबात पाऊलवाटेपेक्षा मोठा पण गाडीमार्गाला कमीच, समोरून दुसरी गाडी आली की भांडण ठरलेलं. 'पाणंद' मात्र वापरू नका, ती दोन्हीकडून शेतं किंवा कुंपण असलेली वाट, तिकडे सगळं जंगल.

घाटउतार:
गाडीवाट आवडलं. फक्त आजीच्या डोळ्यासमोर बैलगाडी येईल आणि हे तर चार चार घोड्यांचे मोठे गाडे. ब्रॅडॉकला गाड्याच मिळेनात तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनने पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांसाठी जाहिरात काढली, चार घोडे आणि हाकणारा असलेल्या गाडीला दिवसाला १५ शिलिंग, आणि दोन आठवड्यांत १५० गाड्या आणि २५९ ओझ्याचे घोडे उभे केले. त्या गाडीवानांत डॅनियल बून होता, पुढे केंटकीची वाट पाडणारा तोच.

पाणंद:
मग 'गाडा' म्हणा. तोफेचा गाडा म्हणतोच आपण, त्याला बैलच पाहिजे असं काही नाही. गाडे जाणारी ती गाडीवाट, झालं.

सोळा आणे:
सर्व्हेवर मी बोलू का, आयुष्य मोजणीत गेलं आमचं. सर्वेक्षण हा शब्द आम्ही फक्त पत्रव्यवहारात लिहायचो, तोंडात कायम मोजणी. मोजणीला कोण आलंय, मोजणी कधी निघाली, मोजणीवरून भावाभावांत जुंपली, असंच चालायचं.

आणि एक गंमत सांगतो, तिकडची साखळी आणि आपली साखळी नात्यातली आहे. एडमंड गुंटर नावाच्या इंग्रजाने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची साखळी बसवली, १०० कड्या, ८० साखळ्यांचा मैल आणि १० चौरस साखळ्यांचा एकर. अमेरिकेत झाडीतून ६६ फूट ओढत न्यायला जड जायचं म्हणून तिथले मोजणीदार बऱ्याचदा अर्धी, ३३ फुटांची वापरायचे. आता आमची मोजणीची शंकू साखळी किती? ३३ फूटच, फक्त कड्यांऐवजी १६ आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, हा झाला तुमचा गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. पुण्याजवळ प्लॉट घेताना 'अर्धा गुंठा तरी बघा' म्हणणाऱ्यांना माहीत नसतं पण ते गुंटरचीच साखळी ओढत असतात. म्हणून माझं मत मोजणी.

घाटउतार:
काका, गुंठ्याचं भारीच निघालं, पानात टाकणारच. पण मोजणी इथे बसेल का याची शंका आहे. वॉशिंग्टनने सोळाव्या वर्षी १७४८ मध्ये लॉर्ड फेअरफॅक्सच्या जमिनी होकायंत्र आणि साखळी घेऊन मोजल्या, ती मोजणी, कबूल. इथे मात्र कोणाची जमीन किती हा प्रश्नच नव्हता, गाडा कुठून जाईल एवढाच प्रश्न होता. आणि मूळ वाट तर तिथल्या लोकांचीच. जमिनीचा आणि व्यापाराचा धंदा करणाऱ्या ओहायो कंपनीसाठी १७५० च्या सुमारास थॉमस क्रेसॅप आणि डेलावेअर जमातीचा नेमाकोलिन यांनी ती जुनी पायवाट झाडांवर खुणा करून पक्की केली, १७५४ ला वॉशिंग्टनने त्यातली काही रुंद केली आणि मग ब्रॅडॉक आला.

फक्की:
आमच्या बोरघाटातला शिंगरोबाच की हा! धनगराने वाट दाखवायची आणि नाव साहेबाचं.

घाटउतार:
अगदी. फरक एवढाच की नेमाकोलिनच्या नावाने आज त्याच डोंगरात एक महागडं रिसॉर्ट आहे.

फक्की:
मी साइटवरचा माणूस, मला विचाराल तर 'आखणी'. आम्ही दोरी लावतो, चुन्याची फक्की मारतो, मग खोदाई. पण आखणीला आधी कुठून जायचं ते ठरलेलं लागतं आणि तुमच्या गोष्टीत तेच ठरलेलं दिसत नाही.

घाटउतार:
नव्हतंच ना! सुरुवातीलाच घोळ. पहिला रस्ता त्यांनी सरळ विल्स माउंटनच्या अंगावरून काढला, इतका चढ-उतार की गाड्या घरंगळून मोडल्या. बरोबर आरमाराचे काही खलाशी दिले होते, दोर आणि कप्प्या लावून ओझी उतरवायची सवय म्हणून, ते गाडे मागून दोराने धरून डोंगराखाली सोडत. मग त्यांच्यातलाच स्पेंडेलो नावाचा लेफ्टनंट हिंडून आला आणि म्हणाला, डोंगराला वळसा घालून ओढ्याच्या कडेने खिंडीतून जाता येतंय. तिथून रस्ता नेला. जन्म समुद्रावर गेलेला माणूस आणि डोंगरातली वाट त्याला सापडली, मला हा किस्सा फार आवडतो.

पाणंद:
म्हणजे आधी वाट पाडली, मग गाड्यांची वाट लागली, मग वाट सापडली. भाषांतर झालं तुमचं 😄

सोळा आणे:
हा किस्सा वाचून मी मोजणी मागे घेतो. ते जे स्पेंडेलोने केलं त्याला 'वाट हेरणे' म्हणतात. आमचे वडील शिकारीला जायचे ते म्हणायचे, आधी पाणवठा हेरून ये. त्यात हेर पण आला, फौजेच्या गोष्टीला शोभतो.

घाटउतार:
वा काका! हेच पाहिजे होतं. 'विल्स क्रीकपासून पुढची वाट हेरली' असं लिहिते. सर्वेक्षण खोडलं.

चांद्या:
उशिरा आलो. ब्लेझसाठी सांगतो. इंग्रजीत हा शब्द आधी घोड्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्याला, मग झाडावरच्या खुणेला, कारण साल निघाली की आतलं लाकूड अंधाऱ्या झाडीत तसंच पांढरं चमकतं. आपल्याकडे कपाळावर पांढरं असलेला बैल म्हणजे चांद्या, माझं इथलं नाव आमच्या बैलाचंच आहे. म्हणून 'झाडाला चांद पाडला' म्हणावं असं मनात आलं, पण घरी बोलून बघितलं तर सगळे आकाशाकडे बघायला लागले. त्यापेक्षा 'टवका'. कुऱ्हाडीने एक टवका उडवला, पुढच्या झाडाला दुसरा, आणि मागचा माणूस टवके बघत आला. आजीला चित्र लगेच दिसेल.

फक्की:
टवका म्हणजे उडालेला तुकडा ना? झाडावर राहते ती खाच.

चांद्या:
खाच आत जाते, खोल. इथे नुसती साल तासलेली. आणि कपाचा टवका गेला म्हणतो तेव्हा उरलेली जागा पण टवकाच असते की.

घाटउतार:
टवका ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे 'साल तासून काढलेला टवका' असं लिहीन. आता ट्रेस. बूनने १७७५ ला तीसेक कुऱ्हाडवाले घेऊन कंबरलंड गॅप नावाच्या खिंडीतून केंटकीत जी वाट काढली तिला लोक बून्स ट्रेस म्हणत. तिच्यावरून गाडी जातच नव्हती, घोडा आणि माणूस तेवढा, गाडीवाट व्हायला १७९६ उजाडलं.

सोळा आणे:
माग. जनावराचा माग, चोराचा माग, बूनचा माग. याला चर्चा कसली.

पाणंद:
मागावर सही. पण एक शब्द कोणीच काढला नाही, चाकोरी! आपण चाकोरीबद्ध, चाकोरीबाहेरचं असं आयुष्याबद्दलच बोलतो, पण मूळ ती गाडीच्या चाकांनी पडलेली घळच ना. पावसाळ्यानंतर आमच्याकडे चाक एकदा चाकोरीत गेलं की बैल तिकडेच ओढणार, बाहेर काढायला खांदा लावावा लागतो. घाटउतार, तुम्ही पहिल्या पोस्टीत 'खोलगट पट्टा' लिहिलाय, चाकोरीच होणार ती.

घाटउतार:
अहो काटा आला अंगावर, कारण शेवट तिथेच आहे. ९ जुलैला मोनोंगाहेला नदीजवळ फौज कापली गेली, ब्रॅडॉकला गोळी लागली, माघार घेताना १३ तारखेला तो वारला. शत्रूच्या हाती प्रेत लागू नये म्हणून त्याला त्यानेच बांधवून घेतलेल्या रस्त्याच्या मधोमध पुरला आणि वरून सगळे गाडे आणि माणसं चालवत नेली. १८०४ ला रस्त्याची दुरुस्ती करणाऱ्या मजुरांना सांगाडा सापडला, आत्ताची कबर त्यानंतरची.

शेवटची ओळ अशी लिहिलीये, बघा: "गाडे वरून गेले आणि कबर चाकोरीत मिसळून गेली."

सोळा आणे:
'मिसळून गेली' काढा. मीठ मिसळतं. खड्डा बुजतो. "कबर चाकोरीत बुजली."

घाटउतार:
बुजली. केलं.