चर्चा : अपॉस्ट्रॉफी चुकली तर मार्क कापावेत का?

शिकवणीवाला, विश्रामबाग : सांगलीत दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. परवा एका पालकांनी उत्तरपत्रिका पुढे धरली, "एवढ्याशा फराट्यासाठी अर्धा मार्क कापलात?" कापला, आणि पुढेही कापेन. 'मुलाची वही' आणि 'मुलांची वही' यांत फरक एका अनुस्वाराचा. तो सुटला तर मराठीच्या बाई खपवून घेत नाहीत. इंग्रजीत तेच काम अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या डोक्याशी काढलेला हा स्वल्पविरामासारखा फराटा, करते. 'बॉईज'मध्ये एसच्या आधी आली तर वही एका मुलाची, एसनंतर आली तर अनेकांची. नुसतं अनेकवचन असेल तर ती नकोच.

हळदवाला, मार्केट यार्ड : सर, अनुस्वार कानाला कळतो. 'मुलांची' म्हणताना आवाज नाकात जातो. अपॉस्ट्रॉफी ऐकूच येत नाही, तरी इंग्रज माणसाचं बोलणं अडत नाही. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेनं २००९ साली रस्त्यांच्या पाट्यांवर ती न वापरायचं ठरवलं. वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनी २०१२ साली नावातून काढून टाकली. त्यांनाच नको, तर आपल्या पोरांचे मार्क का जावेत?

कापायचेच तर प्रीपोझिशनला, म्हणजे 'इन', 'ऑन' असल्या शब्दांना कापा. आम्ही कोचीच्या गिऱ्हाइकाला '१५ तारखेपर्यंत माल पाठवतो' असं कळवलं. पोरानं 'बाय'च्या जागी 'टिल' लिहिलं. त्यांना वाटलं, १५ पर्यंत थोडा थोडा येत राहील. आम्ही सगळा एकदम पाठवला. उतरवायला जागा नाही, गाडी दोन दिवस उभी, भाडं आमच्या माथी.

शिकवणीवाला, विश्रामबाग : दादा, तुमच्या पोराची चूक मराठीतून आली. आपलं 'पर्यंत' दोन्हीकडे चालतं, इंग्रजीत त्याचे दोन शब्द होतात. 'आईवर रागावला' म्हणून पोरं 'अँग्री ऑन' लिहितात, 'परीक्षेविषयी चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट', 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ'. पोरं मठ्ठ नाहीत हो, मराठीचा नियम इमानानं पाळतात! आपलं अव्यय नामानंतर चिकटतं, त्यांचं नामाआधी सुटं उभं राहतं. सातला म्हणजे 'ॲट', सोमवारी म्हणजे 'ऑन', मार्चमध्ये म्हणजे 'इन'. फळ्यावर मराठी वाक्य शेजारी मांडल्याशिवाय हे डोक्यात शिरत नाही. इंग्रजी माध्यमातसुद्धा मांडायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

एक आई, तासगाव : शिकवण्याचं पटलं, कापण्याचं नाही. माझी मुलगी पूर्वी पानभर निबंध लिहायची. मार्क जायला लागल्यापासून चार-चार शब्दांची वाक्यं लिहिते. लांब लिहिलं की चुका होतात, म्हणते. हे कसलं इंग्रजी आलं?

वकिलीतला, मिरज : ताई, निबंधात सोडून देता येईल. भागीदारीच्या कागदावर 'पार्टनर्स शेअर' म्हणजे एकाचा वाटा की सगळ्यांचा, हे त्या फराट्यावर ठरतं. तिथे कानाला काय कळतं याला किंमत नाही.

शिकवणीवाला, विश्रामबाग : ताईंचं खरं आहे. निबंधात यापुढे नुसती खूण करीन, मार्क व्याकरणाच्या प्रश्नातच कापीन. मुलीला एवढं सांगा, 'इट्स' लिहिताना 'इट इज' किंवा 'इट हॅज' असं उलगडून बघ. अर्थ जुळला तर अपॉस्ट्रॉफी दे, नाहीतर नको.

हळदवाला, मार्केट यार्ड : कागदाचं मान्य. पाटीवरच्या अपॉस्ट्रॉफीचं अजून पटलेलं नाही. 'बाय' आणि 'टिल' कधी घेणार आहात सर? पोराला पाठवतो.